महाकथा आणा, पण तिचा आवाज कापू नका

परदेशी अद्भुत महाकथांचे मराठी अनुवाद छापणाऱ्या प्रकाशकांना आणि त्यांच्या संपादकांना,

सप्रेम नमस्कार.

ड्रॅगन, मंतरलेल्या अंगठ्या, शापित तलवारी आणि परागंदा राजपुत्र यांच्या जाडजूड पुस्तकांना मराठीत वाचक आहे, हे तुम्हाला आता पटलेलं दिसतं. चांगलं झालं. यांतल्या काही अनुवादांमागे केवढी मेहनत आहे, ते पानं उलटतानाच कळतं. पण मलपृष्ठावर तुम्ही एक हमी हटकून देता: सोपी, ओघवती भाषा. माझं भांडण या हमीशी आहे. ती देताना तुम्ही महाकथेची गोष्ट तेवढी आत घेता आणि तिचा आवाज दाराबाहेर ठेवता. मग वाचक म्हणतो, ‘बरी आहे, पण एवढं काय डोक्यावर घेतलंय तिला लोकांनी?’ त्याचं चुकत नाही.

लोक या महाकथा का वाचतात? कथानकासाठी म्हणावं, तर ते चार ओळींत आटोपतं. एक साधा जीव घराबाहेर पडतो, एक वस्तू कुठेतरी पोचवायची किंवा नष्ट करायची असते, वाटेत सोबती मिळतात नि गळतात, शेवटी खरा वारस गादीवर बसतो. यासाठी हजार पानं लागत नाहीत. हजार पानं लागतात ती, त्या जगाला आपल्या आधीही मोठा भूतकाळ होता असं वाटायला. कुणीतरी जाता जाता एका पडक्या बुरुजाचं नाव घेतं. त्यावरचं गाणं त्याला अर्धंच आठवतं. वाचकाच्या लक्षात येतं की या बुरुजाखाली आणखी एक पुस्तक गाडलेलं आहे आणि ते आपल्या हाती कधीच लागणार नाही. ही खोली घटनांतून येत नाही, सांगण्याच्या ढंगातून येते. म्हातारा जादूगार एका चालीने बोलतो, शेतकरी दुसऱ्या, आणि हजारो वर्षं जगलेल्या वंशाचा माणूस तिसऱ्याच. तिघांनाही एकाच वर्तमानपत्री मराठीत बोलायला लावलं, की बुरूज उरतो पण त्याखालचं पुस्तक जातं.

गंमत अशी की या प्रकारातले मोठे लेखक स्वतःच अनुवादक असल्याचं सोंग घेतात. इंग्रज लेखक टॉल्किनची अंगठीची महाकथा, ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’, १९५४-५५ मध्ये तीन खंडांत आली. (एकसंध पुस्तकाचे तीन तुकडे झाले, त्यामागे युद्धानंतरची कागदाची महागाई होती. पानांची धास्ती काही तुम्हालाच पडलेली नाही.) परिशिष्टात तो गंभीर चेहऱ्याने सांगतो, की हे आपण रचलेलं नाही, एका जुन्या हस्तलिखितावरून इंग्रजीत उतरवलं आहे. सॅम या पात्राचं नावसुद्धा म्हणे भाषांतरच, मूळ भाषेत तो ‘बान’. स्पॅनिश लेखक सर्व्हान्तेसने १६०५ साली आपली ‘डॉन किहोते’ची कथा एका अरबी इतिहासकाराच्या वह्यांत सापडल्याचा बहाणा केला, तो वीरकथांच्या याच खोडीची टर उडवायला. लखनौच्या नवलकिशोर छापखान्यातून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘तिलिस्म-ए-होशरुबा’ हे मायानगरीचं उर्दू आख्यान बाहेर पडलं. तिथेही फारसी मुळाचा हवाला आहेच, जरी ती मायानगरी उर्दूतच वाढली.

म्हणजे अनुवाद हा या प्रकारावर बाहेरून झालेला संस्कार नाही. कित्येकदा तो त्याचा जन्मदाता असतो. एलियास ल्योनरोट याने फिनलंडमधली लोकगीतं गोळा करून ‘कालेवाला’ बांधलं. १८४९च्या वाढीव आवृत्तीत ५० सर्ग आणि २२ हजारांहून जास्त ओळी आहेत. त्याच्या जर्मन अनुवादातला ठेका अमेरिकेतल्या लाँगफेलोने उचलला आणि १८५५ मध्ये आपलं ‘हायावाथा’ त्याच ठेक्यावर रचलं. पुढे विल्यम कर्बीचा इंग्रजी अनुवाद १९०७ मध्ये आला, तो शाळकरी टॉल्किनच्या हाती पडला. त्यापायी तो फिनिश शिकायला धडपडला आणि त्या भाषेच्या नादातून त्याने एल्फांची, म्हणजे आपल्या कथेतल्या त्या हजारो वर्षं जगणाऱ्या वंशाची, एक भाषा घडवली. कर्बीने ‘सोपं आणि ओघवतं’ करायचं ठरवून छंद काढून टाकला असता, तर त्या पोराच्या कानात काय राहिलं असतं?

अमेरिकी लेखिका अर्सुला ले ग्विन हिने १९७३ मध्ये फँटसीच्या शैलीवर एक निबंध लिहिला. त्यात ती एका फँटसी कादंबरीतला संवाद घेते, चार-दोन शब्द बदलते, आणि तो संवाद वॉशिंग्टनमधल्या राजकारण्यांच्या तोंडी बेमालूम बसतो. तिचं म्हणणं असं, की जिथे हे जमतं तिथे फँटसी नाहीच, झगे घातलेली कचेरी आहे. ही परीक्षा तुम्ही तुमच्या पुस्तकांना लावून बघा. माझंच एक बनवलेलं उदाहरण देतो. पराभवाची बातमी घेऊन दूत येतो. नेहमीच्या अनुवादात तो म्हणतो: ‘महाराज, मला आपल्याला हे सांगताना अत्यंत दुःख होत आहे की, आपले सैन्य, जे उत्तरेकडील खिंडीत तैनात करण्यात आले होते, ते पूर्णपणे नष्ट झालेले आहे.’ हा दूत घोडा फेकत आलेला नाही; आवक-जावक विभागातून आलाय. आता हेच असं ऐका: ‘महाराज, खिंड पडली. गेले त्यांतलं कोणी परतत नाही. मला ठेवलं ते सांगावा आणायला.’ शब्द दोन्हीकडे सोपेच आहेत. फरक श्वासाचा आहे.

हा श्वास मराठीला उसना आणावा लागत नाही. पानिपतची बातमी आपल्याकडे मोती गळाले, मोहरा हरवल्या, खुर्दा किती गेला त्याला गणती नाही, अशा हिशेबाच्या भाषेत सांगितली गेली. अख्ख्या पिढीचा संहार सराफाच्या चोपडीत मावला आणि म्हणूनच अंगावर आला. बखरींची तुटक, क्रियापदावर आपटणारी वाक्यं, पोवाड्याची ललकारी, ओवीचा संथ, चौथ्या चरणात आखडणारा ओघ, कीर्तनकाराचं पूर्वरंगातून आख्यानात शिरणं. महाकथा अनुवादायला बसलेल्या माणसाला एवढं भांडवल फार थोड्या भाषा देतात. आणि आपली भाषा वाढली तीच मुळी महाकाव्यांच्या अनुवादावर. ज्ञानेश्वरांनी गीतेच्या ७०० श्लोकांच्या जवळपास ९,००० ओव्या केल्या. मुक्तेश्वर, श्रीधर, मोरोपंत, ज्याने त्याने आपापल्या गळ्याप्रमाणे महाभारत पुन्हा गायलं. त्यांना स्वामित्वहक्काचा करार आडवा येत नव्हता, हे खरं. तुमच्या अनुवादकाला ओव्या वाढवायची मुभा नाही. पण चाल निवडायची मुभा आहे, आणि ती तुम्हीच त्याच्याकडून काढून घेता.

एक जागा जरा जवळून दाखवतो. टॉल्किनच्या त्याच परिशिष्टात नोंद आहे, की त्याच्या कल्पित भाषेत आपल्यासारखाच ‘तू’ आणि ‘आपण’ असा भेद होता; हॉबिटांच्या, म्हणजे त्याच्या कथेतल्या बुटक्या, साध्या लोकांच्या मुलखात मात्र आदरार्थी रूप जवळजवळ मोडीत निघालेलं. त्यामुळे पिपिन हा पोरसवदा हॉबिट मिनास तिरिथ या राजनगरात पोचल्यावर पहिले काही दिवस लहानथोर सगळ्यांना, प्रत्यक्ष राज्यकारभारी डेनेथॉरलाही, बेधडक अरे-तुरे करत हिंडतो. म्हाताऱ्याला कदाचित मौज वाटली असेल, पण त्याचे नोकर चाट पडले असणार, असं टॉल्किन लिहितो. हा पाहुणा आपल्या देशी कुणी बडा माणूस असला पाहिजे, ही नगरातली वदंता त्यामुळेच जास्त पसरली.

इंग्रजी पुस्तकाच्या मूळ पानावर यातलं काही दिसत नाही. दिसणार कसं? इंग्रजीकडे एकच ‘यू’. म्हणून बिचाऱ्याला ते मागे परिशिष्टात सांगावं लागलं. मराठीत सांगायची गरजच नाही. दरबारात सगळे ‘आपण’, ‘आज्ञा व्हावी’ करताहेत, आणि हा टीचभर पोर सिंहासनाशेजारच्या करारी म्हाताऱ्याला म्हणतो, ‘तुझा मुलगा आम्हाला वाचवताना पडला.’ दालनात टाचणी पडली तरी ऐकू येईल. लेखकाच्या मनात होतं पण त्याच्या भाषेत मावलं नाही, ते मराठी पानावर उभं राहतं. राजघराण्यातली एओविन गादीचा वारस आरागॉर्न याला अडवताना मध्येच जुन्या, जवळिकीच्या सर्वनामावर घसरते, तिथेही तसंच. इंग्रजी वाचकाच्या नजरेतून निसटणारी ती घसरण मराठी वाचकाला एका ‘तू’मध्ये कळेल. आता हे पान तुमच्या टेबलावर आल्यावर काय होईल ते मला दिसतंय. समासात लाल शाईने शेरा: ‘आदरार्थी बहुवचन करावे. एकवाक्यता नाही.’

सेवक सॅम आपल्या फ्रोडोला कसा हाक मारेल, हा याच जातीचा प्रश्न. धनी? मालक? दादा? जर्मनमध्ये २००० साली आलेल्या नव्या अनुवादात तो ‘शेफ’, म्हणजे आपल्याकडच्या ‘बॉस’च्या चालीवर, हाक मारू लागला आणि जुन्या वाचकांनी कडाडून नाकं मुरडली. एका हाकेने दोघांमधलं सगळं नातं बदलतं. असला निर्णय मुद्रणाच्या आदल्या आठवड्यात होत नाही.

आता गाण्यांविषयी. महाकथांतली गाणी तुम्ही एक तर गाळता, नाही तर गद्यात सारांश देऊन मोकळे होता, नाही तर ज्याने कधी यमकाशी झटापट केली नाही अशा अनुवादकाला ती जबरदस्तीने जुळवायला लावता. गाळण्याचा बचाव करता येतो, नाही असं नाही. ‘पश्चिमेचा प्रवास’ या १०० अध्यायांच्या चिनी महाकथेतले तीसेक अध्याय घेऊन आर्थर वेली याने १९४२ मध्ये इंग्रजी पुस्तक केलं. बहुतेक कविता वगळल्या. ते पुस्तक अतिशय गोड आहे, आणि माकडराजाला इंग्रजीत दोस्त मिळाले ते त्याच्याचमुळे. पण अँथनी यू याने १९७७ ते १९८३ या काळात चार खंडांत सगळी महाकथा कवितांसकट आणली, तेव्हा कळलं की वेलीच्या हाती माकडाचा खट्याळपणा आला होता. प्रवासाचं थकवणारं लांबण, तेच तेच संकट वेगळ्या मुखवट्याने येणं, मध्येच डोंगराच्या वर्णनात कवितेने रमून जाणं, हे सगळं मागे राहिलं होतं. ते लांबण म्हणजे सैल बांधणी नव्हे. तीर्थयात्रा म्हणजे तेच. संक्षिप्त आवृत्ती काढायचीच असेल तर खुशाल काढा, फक्त मुखपृष्ठावर ‘संक्षिप्त’ असं छापा. आज ते छापायचा प्रामाणिकपणा फार थोडे दाखवतात.

गाण्यांवरचा उतारा स्वीडिशमध्ये आहे. तिथला टॉल्किनचा १९५९-६१चा जुना अनुवाद इतका मनमानी होता, की डच अनुवादासोबत त्याच्याही रागापायी लेखकाने अनुवादकांसाठी नावांची मार्गदर्शिकाच लिहून काढली. २००४-०५ मध्ये नवा अनुवाद झाला तेव्हा गद्य एरिक आंदेर्सनने केलं आणि कविता लोट्टा ऊल्सन या कवयित्रीकडे सोपवल्या. इतका साधा उपाय. मराठीत छंदावर हुकमत असलेले कवी आहेत, आणि त्यांना असं काम कुणी विचारत नाही.

इथवर मी ‘आवाज आणा, आवाज आणा’ असा घोषा लावला. आता त्याच आवाजाला मी का भितो तेही सांगतो, कारण ही पत्राची अवघड बाजू आहे.

पारंपरिक अद्भुत महाकथेचं जग बहुधा जन्मावर चालतं. राजा राजा असतो कारण त्याचं रक्त तसं आहे. एका वंशाची माणसं उंच, देखणी, शहाणी. दुसऱ्या वंशाची अख्खी जमात दुष्ट, आणि तिला मारताना कुणाचा हात थरथरत नाही. टॉल्किनवर या कारणावरून वंशवादाचा शिक्का मारणं मला उथळ वाटतं. १९३८ मध्ये एका जर्मन प्रकाशकाने त्याला ‘तुम्ही आर्य वंशाचे का’ असं विचारलं, तेव्हा त्याने उत्तराच्या मसुद्यात लिहिलं की ज्यू या गुणी लोकांपैकी आपले कोणी पूर्वज नाहीत याचं आपल्याला वाईट वाटतं. ऑर्क, म्हणजे त्याच्या कथेतली ती दुष्ट जमात, जन्मतःच अधम कसे असू शकतील, हा प्रश्न त्यालाही सुटला नाही. उत्तरायुष्यातल्या टिपणांत तो त्यांच्या उत्पत्तीची उत्तरं बदलत राहतो. पण पुस्तकात शेवटी ऑर्क मरतात ते मोजण्यापुरते.

अशा वेळी अनुवादक हात घालतो पुराणाच्या पेटाऱ्यात. ऑर्क झाला राक्षस, एल्फ झाला यक्ष किंवा गंधर्व, राजवंशाला लागलं ‘कुलीन’, ‘विशुद्ध’, ‘दिव्य’. आवाज भारदस्त झाला, मलाही हवा तसा झाला. पण दोन गोष्टी न सांगता आत शिरल्या. एक म्हणजे जन्माने ठरणारी उतरंड, जी इंग्रजीत वाचताना कदाचित खटकली असती, ती या पोथीच्या भाषेत इतकी ओळखीची वाटते की कुणाची भुवई वर जात नाही. दुसरी गोष्ट उलट दिशेची आहे आणि मला जास्त मजेची वाटते. आपला राक्षस ऑर्क नाहीच. हिडिंबा भीमाशी लग्न करते, घटोत्कच पांडवांसाठी पडतो, बिभीषण भावाशी वाद घालून पक्ष बदलतो आणि राज्य मिळवतो. आपल्या महाकाव्यातल्या राक्षसाला विवेक आहे, राजकारण आहे, विरह आहे. तो शब्द ऑर्काच्या अंगावर चढवला की मराठी वाचक नकळत वाट बघत बसतो, यांच्यातला बिभीषण कधी येणार म्हणून. तो येत नाही. मूळ पुस्तकाची मर्यादा इथे उघडी पडते.

हे लपवू नका, एवढंच मागणं आहे. शैली जुनी ठेवा, पण प्रस्तावनेत कुणाला तरी भांडू द्या. सध्या अशा पुस्तकांना प्रस्तावना असलीच तर ती लेखकाची आरती असते. इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’ वाचून मोठा झालेला, कर्णावरून आणि द्रौपदीवरून घरोघरी वाद घालणारा हा वाचक आहे. महाकाव्यावर प्रेम करत त्याला जाब कसा विचारायचा, हे त्याला शिकवावं लागत नाही. लेखकही असे जाब देतात. ले ग्विनने १९६८ मध्ये आपल्या द्वीपांच्या जगाची मालिका सुरू केली, तेव्हा नायक गेड तांबूस-तपकिरी कातडीचा ठेवला. (मुखपृष्ठांवर तो वर्षानुवर्षं गोरा होत राहिला, आणि ती चिडत राहिली. चित्रकाराला पुस्तक वाचायला द्यावं, ही सूचना जाता जाता.) पण त्या जगात जादू शिकायची ती पुरुषांनीच. ही गोष्ट तिलाच सलू लागली, आणि १९९०च्या चौथ्या पुस्तकात ती त्याच बेटांवर एका मध्यमवयीन बाईच्या नजरेने परतली. पहिलं पुस्तक अनुवादून तिथेच थांबायचं म्हणजे लेखिकेचं अर्धंच बोलणं वाचकाला ऐकवायचं.

निवडीबद्दल थोडकंच. जगातली प्रत्येक महाकथा इंग्रजीच्या नळातूनच आली पाहिजे, हा हट्ट एकोणिसाव्या शतकात ठीक होता. कृष्णशास्त्री चिपळूणकरांच्या काळात अरबी भाषेतल्या सुरस व चमत्कारिक गोष्टी इंग्रजीवरून आल्या, आणि तरी त्यांनी मराठी गद्याला झुलवलं. आता मात्र फिरदौसीचं ‘शाहनामा’ हे फारसी महाकाव्य इंग्रजीवरून आणताना निदान शीर्षकपानावर तसं लिहा. कुणाच्या इंग्रजीवरून, तेही लिहा. आणि ‘होशरुबा’साठी तर ही सबबच नाही. उर्दू जाणणारे मराठी लिहिते लोक हाकेच्या अंतरावर आहेत. होशरुबा ज्याचा एक भाग, त्या अमीर हमज्याच्या दास्तानचे, म्हणजे लांबलचक आख्यानाचे, नवलकिशोरी ४६ खंड कुणी मागत नाही. होशरुबाचा एक खंड, थेट उर्दूतून, ऐयारांच्या, म्हणजे बहुरूपी हेरांच्या, सगळ्या थापांसकट आणि मध्ये येणाऱ्या शेरांसकट आणा. त्याची लय मराठीला परकी नाही. आणि तिथले ऐयार ज्या निर्लज्ज आनंदाने सोंगं बदलतात, तो आनंद उत्तरेकडच्या धीरगंभीर महाकथांत औषधालाही सापडत नाही.

शेवटची मागणी व्यवहाराची. महाकथेचा पहिला खंड छापून, खप बघून, पुढचे खंड गुंडाळून ठेवायची जी पद्धत पडली आहे, ती बंद करा. एकनाथांचं भावार्थ रामायण युद्धकांडात थांबलं, तर गावबा पुढे आले आणि त्यांनी ते पुरं केलं. तुमच्या अर्धवट मालिकांना गावबा मिळणार नाहीत, कारण हक्क तुमच्याकडे अडकलेले असतात. सगळ्या खंडांचा करार आधी करा, अनुवादकाचं नाव मुखपृष्ठावर लेखकाच्या खालोखाल दिसेल असं छापा, आणि पहिल्या खंडाच्या आतल्या पानावर दुसरा कोणत्या वर्षी येणार ते लिहा. मग पुस्तक किती पानांचं आहे, हे विचारायला मी येणार नाही.

कळावे, लोभ असावा,

आपला,
एक जुना गिऱ्हाईक-वाचक